ड्यूटीचा तक्ता

गंगापूर रोड, नाशिक

प्रिय शैला,
सप्रेम नमस्कार.

मेट्रनच्या खुर्चीत करमते का, असे तू विचारले होतेस. करमते, पण खणात परिचारिकांचे या वर्षातले नऊ राजीनामे पडून आहेत.

व्यवस्थापन म्हणते, मुली पगारासाठी जातात. ते खोटे नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून नेमलेल्या समितीने 2016 साली दोनशेहून अधिक खाटांच्या खाजगी रुग्णालयांत सरकारी परिचारिकेइतका, आणि पन्नासपेक्षा कमी खाटांच्या ठिकाणीही किमान 20,000 रुपये पगार सुचवला होता. आमच्याकडे ते अजून फायलीतच आहे. तरीही नवातल्या चौघींनी, साऱ्या पंचविशीच्या आतल्या, मला कारण सांगितले ते तक्त्याचे. रविवारी संध्याकाळी लावलेल्या तक्त्यावर सोमवारची नाइट दिसली, तर पिंपळगाव बसवंतहून एसटीने येणाऱ्या मुलीने काय करावे? इन्चार्ज झाल्यापासून मीही तो तसाच लावत आले आणि कुरकुरणाऱ्यांना नाजूक म्हणत आले.

पन्नाशीच्या सिस्टर कुरकुरत नाहीत. गुडघ्याला पट्टा बांधून येतात आणि एक दिवस मुदतीआधीच निवृत्ती मागतात. त्यांच्याबरोबर काय जाते, ते मी गेल्या महिन्यात पाहिले. जुलाबांनी सुकलेल्या सहा महिन्यांच्या बाळाची शीर नव्या सिस्टरला दोनदा मिळाली नाही. तेव्हा थोरल्या सिस्टरांनी दिवा मालवला, बाळाचा तळवा आपल्या मुठीत धरून ऊब दिली, खालून छोटी बॅटरी लावली आणि लालसर उजेडात उमटलेली काळी रेघ त्या मुलीला बोटाने दाखवली. सुई मात्र तिलाच घालायला लावली. नंतर संगणकावरची नोंद त्या मुलीने त्यांना शिकवली, तीही न हसता.

सर्वांत अवघड मधल्या. 2017 पासून प्रसूती रजा 26 आठवड्यांची झाली, पन्नास कर्मचारी असतील तिथे पाळणाघरही कायद्याने आले. पण मुलाची दहावी आणि सासऱ्यांचे डायलिसिस एकाच वर्षी आले, तर त्यासाठी कोणत्या कलमात रजा शोधायची?

मी आता पुढच्या महिन्याचा तक्ता 20 तारखेलाच लावते. पन्नाशीपुढच्यांना महिन्याला दोनच नाइट दिल्या, तेव्हा तरुण मुली केबिनमध्ये येऊन म्हणाल्या, "मॅडम, म्हातारपण येईपर्यंत आम्हीच जागायचे का?" प्रश्न रास्त होता, म्हणून जास्तीच्या नाइटमागे त्यांना जोडून दोन ऑफ कबूल केले, मधल्यांना आपसांत ड्यूटी बदलायची मुभा दिली. तेव्हापासून एकच राजीनामा आला, तोही जर्मनीला जाणाऱ्या मुलीचा. तिला मी पेढे दिले.

जोडून ऑफ मात्र अजून नीट बसत नाहीत. तुमच्या वॉर्डाचा तक्ता मला पाठव. 2015 च्या सिंहस्थात सगळ्यांच्या रजा रद्द केल्या होत्या, त्यानंतर किती जणी गेल्या ते मला आठवते. 2027 च्या पर्वणीआधी हे गणित सुटायला हवे.

तुझी,
कुंदा