काएतानीबद्दल, तुला पत्र

प्रिय सुहास,

परवा फोनवर तू म्हणालास की श्रीमंतांचं संशोधन म्हणजे नुसती हौस, तेव्हा घाईत होतो म्हणून आता लिहितोय. लिओने काएतानी माहितीय का तुला? रोमचा, जन्म 1869, पोप आठवा बोनिफेस ह्याच्याच घराण्यातला आणि हा स्वतः पुढे सेर्मोनेताचा ड्यूक झाला. आरामात बसून खाता आलं असतं रे, पण पठ्ठ्याने अरबी, फारसी शिकली, हस्तलिखितांचे फोटो स्वतःच्या पैशाने मागवले आणि 1905 पासून 'आन्नाली देल इस्लाम', म्हणजे इस्लामच्या सुरुवातीच्या काळाचा वर्षवार इतिहास, छापायला घेतलं. दहा खंड!

पद्धत बघ. हिजरी सनाचं एकेक वर्ष घ्यायचं, त्या वर्षाबद्दल जुने अरब इतिहासकार जे जे सांगतात ते सगळं इटालियनमध्ये शेजारी शेजारी ठेवायचं, आणि मग आपलं मत. आता यरमूकची लढाई घे, अरबांनी बायझंटाईन सैन्याला हरवलं ती. जुना इतिहासकार तबरी ज्याचा हवाला देतो त्या सैफचं म्हणणं हिजरी 13, दुसरा जुना इतिहासकार बलाधुरी म्हणतो 15, आणि सैफवर काएतानीचा भरवसा नाही, पण म्हणून त्याला गाळत नाही. वाचणाऱ्याला वाटलं तर त्याने काएतानीलाच खोडून काढावं, एवढी मोकळीक. मला हे फार मोठं वाटतं. अरबस्तान कोरडा पडत गेला म्हणून अरब बाहेर पडले हे त्याचं म्हणणं मला स्वतःला पूर्ण पटत नाही, पण वाद घालायचं सामानसुद्धा त्याच्याच पुस्तकात मिळतं ना!

आणि हा माणूस नुसता पुस्तकात नव्हता. खासदार असताना 1911 ला इटलीने लिबियावर स्वारी केली, सगळा देश जोशात, आणि हा उघड विरोधात. लोक त्याला तुर्क म्हणून चिडवायचे. पुढे 1921 ला जोडीदार ओफेलिया आणि त्यांची छोटी मुलगी स्वेवा ह्यांना घेऊन थेट कॅनडात, व्हर्नन नावाच्या गावी गेला (बायको इटलीतच राहिली, त्या घरात काय चाललं असेल ते सोड). 'आन्नाली'चं काम हिजरी 40 वर, चौथे खलिफा अलींच्या मृत्यूपाशी थांबलं. शेवटचा खंड 1926 चा.

लायब्ररी त्याने रोमच्या लिन्चेई अकादमीला, म्हणजे तिथल्या विद्वानांच्या संस्थेला, देऊन टाकली होती. त्याच अकादमीतून फॅसिस्ट राजवटीत, 1935 ला त्याला काढलं, आणि त्याच वर्षी नाताळच्या दिवशी तो व्हँकुव्हरला वारला. हौस म्हणतोस ह्याला? सविस्तर उत्तर पाठव, फोनवर नको.

तुझा,
अविनाश