विंडोज १० ची मुदत संपली म्हणून घरचा कॉम्प्युटर भंगारात घालू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या रविवारी आपल्या अंकाच्या घडीतून एक गुलाबी पत्रक निघालं. ‘विंडोज १० बंद झाले! जुना कॉम्प्युटर आणा, नवा घेऊन जा’ आणि खाली हप्त्यांचा तक्ता. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण बाकीची दुकानंही हेच सांगतात. कापूस विकून हातात चार पैसे आले की असली पत्रकं निघतात. आमच्या गल्लीतल्या दोन घरांनी ते वाचून हप्ते बांधायची तयारी केली, म्हणून हे पत्र लिहायला घेतलं. मी शेतकऱ्याची बायको, गावातल्या बचत गटाची हिशेबनीस. कॉम्प्युटरची शिकलेली नाही, पण घरात एक जुना आहे आणि त्यावर रोज काम करते.

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा मोफत सपोर्ट थांबवला, हे खरं. पण त्या दिवशी कोणाचा कॉम्प्युटर बंद पडला नाही. सुरक्षेचे अपडेट येणं थांबलं, एवढंच. म्हणजे चोरांना नवीन फट सापडली तर ती बुजवायला आता कोणी येणार नाही. सातबारा निघतो, फोटो दिसतात, प्रिंट येते. ज्या मशीनवर बँकेचे व्यवहार होतात तिथे मात्र महिन्यागणिक धोका वाढत जातो, तेव्हा हातावर हात ठेवून बसणंही बरोबर नाही.

पत्रकात जे नव्हतं ते असं. घरगुती वापरासाठी कंपनीने याच अपडेटची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढवून दिली आहे. त्यासाठी तीस डॉलर भरता येतात, पण मायक्रोसॉफ्टचं खातं उघडून सेटिंग्जचा बॅकअप त्या खात्यात चालू केला तर एक पैसा लागत नाही. विंडोज १० ची शेवटची आवृत्ती, २२एच२, असावी लागते. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या पानावरच त्याची नोंदणी दिसते. निदान तोपर्यंत कोणालाही कर्ज काढायची गरज नाही.

आता विंडोज ११ चं. त्याला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. आमचा आय-३ चौथ्या पिढीचा, रॅम चार जीबी. मोठ्या मुलाच्या पॉलिटेक्निकच्या वेळी जुन्यातच घेतलेला. तालुक्याला एकाने सांगितलं, “ताई, आठशे रुपये द्या, जुगाड करून अकरा टाकून देतो.” तसं टाकता येतं, हे खरं आहे. पण अशा मशीनला पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी नाही, असं कंपनीच सांगते. आणि कोअर टू ड्युओ या इंटेलच्या त्याहून जुन्या प्रोसेसरचे जे डबे अजून कित्येक घरांत आहेत, त्यांच्यावर विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती सुरूसुद्धा होत नाही. अपडेटसाठीच हा सगळा खटाटोप, मग आठशे रुपये देऊन पुन्हा तिथंच येऊन बसायचं काहून?

माझा बहिणीचा मुलगा दारव्ह्याला मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवतो. त्याने आधी डब्याचं झाकण उघडलं. आमच्याकडे भाव येईपर्यंत कापूस पुढच्या खोलीत रचलेला असतो आणि कॉम्प्युटर त्याच खोलीत. प्रोसेसरच्या पंख्यात सरकीला चिकटलेला असतो तसा कापसाचा बारीक थर बसलेला, पंखा फिरायला जागा नाही. रंगाच्या ब्रशने तो सगळा काढला, प्रोसेसरची उष्णता बाहेर काढणारी जुनी वाळलेली पेस्ट पुसून नवी लावली. मशीन तापून मधेच बंद पडायची ती तिथंच थांबली. मग घड्याळ. चालू केलं की तारीख मागच्या कुठल्या तरी वर्षाची दाखवायचं आणि बँकेची, सरकारची कुठलीच साईट उघडायची नाही, ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणायचं. “मावशी, याले काई झालं नाही, सेल गेला,” म्हणे. मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्याएवढा सेल असतो, सीआर२०३२. चाळीस रुपयांच्या आतबाहेर मिळतो. तारीख चुकली की साईटचं प्रमाणपत्र मुदतीत आहे की नाही हे ब्राउझरला ताडता येत नाही, म्हणून तो अडवतो. एवढ्या कारणावरून किती मशीन भंगारवाल्याकडे गेल्या असतील!

खरा खर्च एसएसडीचा. जुन्या हार्डडिस्कमध्ये तबकडी फिरते, म्हणून सगळं रांगत चालतं. एसएसडी म्हणजे तबकडी नसलेली, चिपवर माहिती ठेवणारी डिस्क. त्या जागी २४० जीबीची एसएसडी बसवली, अडीच हजारांच्या आत. चहा टाकून येईपर्यंत जे सुरू होत नव्हतं, ते आता खुर्चीत बसेबसेपर्यंत सुरू होतं. जुनी डिस्क फेकली नाही. बाहेरून जोडायच्या डबीत घालून फोटो ठेवायला वापरते.

आणि त्या एसएसडीवर विंडोज न टाकता लिनक्स मिंट टाकलं, म्हणजे विंडोजच्या जागी कॉम्प्युटर चालवणारी दुसरी सिस्टीम. ते फुकट आहे, चोरीचं नाही. दोन जीबी रॅमवर चालतं, चार असली तर बरं, आणि त्याच्या २२ मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. फाईल जवळपास तीन जीबीची. आमच्या फोनला रोज दीड जीबी मिळतो, म्हणून भाच्याने दुकानातल्या वायफायवर उतरवून पेन ड्राइव्हवर आणली. यातली मला सगळ्यात पटलेली गोष्ट ही की आधी पेन ड्राइव्हवरूनच चालवून पाहता येतं, डिस्कला हात लागत नाही. प्रिंटर, आवाज, वायफाय चाललं तरच पुढचं पाऊल.

गटाचा हिशेब लिब्रेऑफिसच्या कॅल्कमध्ये ठेवते, जुन्या एक्सेलच्या फाईल त्यात उघडल्या. मराठी टाइप करायचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड मिंटमध्येच आहे, वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही. कृतीदेव या जुन्या फॉन्टमधली पत्रं तो फॉन्ट कॉपी करून टाकल्यावर वाचता येतात. फॉर्म भरणं, सातबारा, शिष्यवृत्ती हे सगळं ब्राउझरमधलं काम, त्याला खाली कोणती सिस्टीम आहे याच्याशी देणंघेणं नाही. निदान नसावं.

पण हे सगळ्यांसाठी नाही, हेही लिहिते. ज्यांचं पोट टॅली या हिशेबाच्या प्रोग्रॅमवर आहे, ज्यांना अंगठ्याची मशीन किंवा डिजिटल सहीचं टोकन रोज लावावं लागतं, त्या सेवा केंद्रवाल्यांनी आधी त्या त्या यंत्राची चौकशी करावी, नाहीतर विंडोजवरच राहावं. काही जुन्या लेझर प्रिंटरनाही लिनक्सवर ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटर चालवणारा प्रोग्रॅम, मिळवताना घाम फुटतो. आमच्या शेजारच्या काकांचा तसाच निघाला. त्यांना मोफत वाढीव मुदतीची नोंदणी करून दिली, ते खुश आहेत.

केरळमध्ये सरकारी शाळांतली मुलं कित्येक वर्षांपासून लिनक्सवर शिकतात. आपल्या देशाच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेने ‘बॉस’ नावाचं लिनक्स बनवलेलं आहे. आपल्याकडे मात्र कॉम्प्युटर म्हणजे विंडोज असंच पहिल्या दिवसापासून शिकवतात, मग मुदत संपली की माणूस घाबरणारच. माझं मागणं फार मोठं नाही. गुरांच्या लसीकरणाचं शिबिर लागतं तसं तालुक्याच्या आयटीआयमध्ये, कोपा या कॉम्प्युटरच्या ट्रेडच्या मुलांकडून, वर्षातून एक दिवस जुने कॉम्प्युटर तपासून द्यावेत. मुलांचा हात बसेल, लोकांचे पैसे वाचतील. दुसरं, सरकारी पोर्टल बनवणाऱ्यांनी ते लिनक्सवरही चालवून बघावं आणि जे यंत्र तिथं चालत नाही त्याची स्पष्ट यादी पोर्टलवरच टाकावी. आणि आपण, संपादक महोदय, वाढीव मुदतीच्या नोंदणीची माहिती चित्रांसह एकदा छापा. ऑक्टोबर २०२६ च्या आधी छापली तरच तिचा उपयोग.

आपली नियमित वाचक,
ता. दारव्हा, जि. यवतमाळ

ता. क. : काहीही करायच्या आधी फोटो आणि कागदपत्रं पेन ड्राइव्हवर काढून ठेवा, कारण नवी सिस्टीम टाकताना डिस्क पुसली जाते. आणि सिस्टीम टाकणं सुरू असताना लाईन जाऊ देऊ नका. आमच्याकडे ते आपल्या हातात नसतं, तेव्हा शेजाऱ्याचा इन्व्हर्टर मागून आणा.