बी.ए.च्या मुलांनाही संशोधनाचं काम द्या

महोदय,

माझी मुलगी तत्त्वज्ञान घेऊन बी.ए. करते. गेल्या महिन्यात गावच्या रेशन दुकानात तिच्या आजीचा अंगठा ई-पॉस यंत्राने चार वेळा नाकारला. खुरपं धरून झिजलेली बोटं ती! यात चूक कुणाची, हा प्रश्न लेकीने वहीत लिहून ठेवलाय. अशा प्रश्नांचा माग काढायला, दुकानाच्या ओट्यावर बसून माणसांशी बोलायला कला शाखेची मुलं हवीत. पण संशोधन सहायकाच्या जागा निघतात त्या बहुधा एम.ए. झालेल्यांसाठी. चार वर्षांच्या पदवीत संशोधन आहे, तेही शेवटच्या वर्षी आणि पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के मिळवणाऱ्यांना. विद्यापीठांनी दुसऱ्या वर्षापासूनच प्राध्यापकांच्या हाताखाली मानधनावर ही कामं द्यावीत. एसटीचं भाडं आणि मेसचा खर्च निघाला, तरी गावाकडची मुलं नक्की येतील.

— एक पालक, सातारा