तुम्ही तो मॉनिटर भिंतीकडे वळवलात, त्याबद्दल

प्रिय मंडळी,

आईला नुसत्या नजरेने मराठी लिहिता येईल असं यंत्र तुम्ही जुळवून दिलंत, त्याबद्दल ईमेलवर तुमचे आभार मी आधीच मानले होते. त्यावर तुमच्या सरांचं दोन ओळींचं उत्तर आलं, की आभार कसले, हे तर आमचं कामच आहे. तेवढ्यावर गप्प बसायचं असं ठरवलं होतं, पण बसवेना. कारण ज्यांचं हे काम होतं अशा बऱ्याच जणांना आम्ही तुमच्याआधी भेटलो होतो आणि त्यांनी ते केलं नव्हतं. म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे. विद्यापीठाच्या इमारतीत, 'मानव-संगणक संवाद' (म्हणजे माणसाला संगणक सहज कसा वापरता येईल याचा अभ्यास) अशी पाटी लावलेल्या दाराआड कोण माणसं बसतात, हे लोकांना कळायला हवं.

आईला एएलएस आहे, म्हणजे मोटर न्यूरॉन डिसीज, स्नायूंना हुकूम पोचवणाऱ्या नसपेशी हळूहळू निकामी करणारा आजार. तिचे आधी हात गेले, मग बोलणं गेलं. या आजारात डोळे हलवणारे स्नायू बहुतेकांचे बराच काळ शाबूत राहतात, आणि आईची बुद्धी तर पूर्वीइतकीच तल्लख आहे. ती आयुष्यभर मुद्रितशोधक होती. दुसऱ्यांच्या लिखाणातलं ऱ्हस्व-दीर्घ, निसटलेले अनुस्वार, चुकीच्या जागी पडलेले स्वल्पविराम शोधण्यात तिची हयात गेली. अशा बाईला स्वतःचं एक वाक्य पुरं करता येईना.

तुमच्याकडे येण्यापूर्वी आम्ही वर्णमालेवर भागवत होतो. मी म्हणायची, "क? च? ट? त? प?" योग्य वर्ग आला की आई डोळे वर करायची. मग "प, फ, ब, भ, म". मग काना, वेलांटी, उकार. एका शब्दाला इतका वेळ लागायचा, की ऐकणारा आपोआप पुढचं बोलून मोकळा व्हायचा. 'पा' झाला की कोणीतरी "पाणी!" म्हणून धावत सुटायचं. तिला पाठ खाजवून हवी असायची, किंवा पाऊस आला का ते विचारायचं असायचं. दरवेळी ती डोळे मिटून घ्यायची. या मिटलेल्या डोळ्यांची भाषा ज्यांच्या घरात असं माणूस आहे त्यांना कळेल.

आता आधी भेटलेल्यांबद्दल. नावं घेत नाही, पण लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. एका डॉक्टरांनी आईच्या समोरच मला विचारलं, "आता त्यांना एवढं काय बोलायचं असणार?" एका विक्रेत्याने महागडं यंत्र आणून मांडलं. त्यावर फक्त इंग्रजी कळफलक होता. मराठीचं विचारलं तर म्हणाला, रोमन लिपीत लिहा, घरचे समजून घेतील. आणि एक संशोधक गट आला होता. तीन पानी संमतीपत्रावर आमच्या सह्या घेतल्या, आईच्या डोळ्यांचं चित्रीकरण केलं, तिला ठिपक्यांकडे बघायला लावून लावून दमवलं, सगळं मोजून नेलं आणि परत फिरकला नाही. मी फोन केला तर उत्तर मिळालं, की अभ्यासाचा तो टप्पा संपला आहे. आई त्या टप्प्यात होती, एवढंच. मला आजही त्या वाक्याचा राग येतो आणि तो लपवण्याची मला गरज वाटत नाही.

तुम्ही आलात तेव्हा म्हणूनच मी दारातच जरा कडक बोलले. तुम्ही ते ऐकून घेतलंत. उपकरणाची पेटी उघडायच्या आधी आईच्या समोर खुर्ची ओढून बसलात आणि जे विचारायचं ते तिला विचारलंत, मला नाही.

यंत्राबद्दल मी थोडक्यातच लिहिते, कारण ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. पण बाकीच्या वाचकांना वाटतं की यात काहीतरी जादू आहे, म्हणून सांगते. स्क्रीनखालची पट्टी डोळ्यांवर डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश टाकते. बुबुळावर त्याचा बारीक चकाकता ठिपका पडतो. कॅमेरा तो ठिपका आणि बाहुलीचा मध्य पाहतो आणि त्यावरून नजर कुठे आहे ते काढतो. एखाद्या अक्षरावर नजर स्थिरावली की त्याभोवती एक वर्तुळ भरत जातं. ते पुरं भरलं की अक्षर उमटतं. ऐकायला सोपं आहे. अडचण अशी की डोळे बघण्यासाठी असतात, बटणं दाबण्यासाठी नसतात. माणूस विचार करताना कुठेतरी बघणारच, आणि जिथे बघेल तिथलं अक्षर उमटणार. रॉबर्ट जेकब नावाच्या संशोधकाने 1990 च्या सुमाराला या अडचणीला ग्रीक कथेतल्या मिडास राजाचं नाव दिलं. तो ज्याला हात लावेल त्याचं सोनं व्हायचं, अगदी घासाचंसुद्धा. मला आपला भस्मासुर आठवला. वर म्हणून मिळालेला हात शेवटी त्याच्याच डोक्यावर आला. आईची नजर तशी तिच्यावर उलटू नये म्हणून तुम्ही ते वर्तुळ भरायचा वेळ तिच्या थकव्याप्रमाणे कमी-जास्त करत राहिलात, आणि स्क्रीनवर एक जागा मुद्दाम मोकळी ठेवलीत, जिथे नुसतं बघत बसलं तरी काहीही होत नाही. आई त्या जागेला 'ओटा' म्हणते.

मराठीसाठी तुम्ही जे केलंत त्याचं मोल माझ्यापेक्षा आईला जास्त. 'स्वातंत्र्य' हा शब्द वाचायला तीन अक्षरांचा, पण संगणकात तो उमटायला अकरा चिन्हं लागतात. हलन्त, काना, अनुस्वार सगळं सुटं सुटं. दहा बोटांनी टंकताना ते जाणवत नाही. एकेका चिन्हावर नजर रोखून बसायचं म्हटलं की एक शब्द लिहिता लिहिता डोळ्यांतून पाणी येतं. तुम्ही बोटांसाठी केलेली मांडणी डोळ्यांवर लादली नाहीत. वर्णमालेचे वर्ग घेतलेत, आधी वर्ग, मग अक्षर, मग त्या अक्षराची बाराखडी, म्हणजे आईला जो क्रम आमच्या "क? च? ट?"मुळे पाठ झाला होता तोच. आणि पहिल्या आराखड्यात 'दुसऱ्या'मधला 'ऱ्या' लिहायची सोय नव्हती, 'दुसर्या' असं उमटायचं, तेव्हा आईने डोळ्यांनी जी नापसंती दाखवली ती तुम्ही लगेच ओळखलीत. पुढच्या वेळी 'ऱ' जागेवर होता. कोणी म्हणेल, एका अक्षराचं काय एवढं. मुद्रितशोधकाला विचारा.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं त्याकडे येते.

आईच्या स्क्रीनवर जे उमटतं ते दुसऱ्या मॉनिटरवरही दिसायचं. ती सोय तुमच्यासाठी होती, चुका कुठे होतात ते बघायला. पण आम्ही घरचे सगळे त्या दुसऱ्या मॉनिटरभोवती गोळा व्हायचो. तिने 'मला' लिहिलं की आम्ही पुढचा शब्द ओरडायचो. प्रेमानेच ओरडायचो, पण तिचं वाक्य पुन्हा तिच्या हातून जायचं. यंत्र आलं तरी 'पा' म्हटलं की पाणीच येत होतं.

तुमच्यातली ती पीएचडी करणारी मुलगी, सगळ्यांत धाकटी, कोपऱ्यात बसून हे बघत होती. ती उठली. कोणाला काही म्हणाली नाही. तिने मॉनिटरच्या दोन्ही कडा धरून तो हळूच भिंतीकडे वळवला. वायर ताणली गेली म्हणून खाली वाकून ती सैल केली. मग आईजवळ येऊन म्हणाली, "काकू, मी नोंदीही बंद करते आहे. आता तुम्ही लिहाल ते फक्त तुम्हाला दिसेल. तुम्ही 'बोला' निवडाल तेव्हाच आम्हाला ऐकू येईल. नाही निवडलंत तर नाही."

खोलीतल्या कोणालाच काय करावं ते कळेना. आम्ही खुर्च्यांवर बसून राहिलो. आईच्या चष्म्याच्या काचेत स्क्रीनचा उजेड हलताना दिसत होता, अक्षरं नव्हती दिसत. बराच वेळ गेला. मध्ये एकदा आई थांबली, ओट्यावर गेली असणार. पुन्हा लिहू लागली. त्या मुलीने एकदाही मान वाकडी करून बघितलं नाही. मोबाइलही काढला नाही. नुसती बसून होती.

मग यंत्राचा तो सपाट आवाज आला: "लिहिलं. वाचलं. पुसलं. आता बरं वाटतंय."

आईने काय लिहिलं होतं ते मला माहीत नाही. कोणालाच माहीत नाही. मी विचारलं नाही आणि विचारणार नाही. आजार सुरू झाल्यापासून तिचं काहीच तिचं एकटीचं उरलं नव्हतं. कपडे बदलणं, कूस बदलणं, कुठे खाजतंय, कुठे दुखतंय, सगळं चार माणसांच्या हाती. मनातली गोष्टसुद्धा बाहेर यायची ती आमच्यापैकी कोणाच्या तरी तोंडून. बोललेलं मागे घेता येत नाही, पण लिहिलेलं खोडता येतं, आणि खोडण्याचा हक्क म्हणजे काय ते मुद्रितशोधकाइतकं कोणाला कळणार. तुम्ही तिला बोलायचं साधन दिलंत हे खरंच. त्याहून मोठी गोष्ट ही, की न बोलायची मुभा दिलीत.

त्या दिवशीच्या नोंदी नसल्यामुळे ते सत्र तुम्हाला अभ्यासात धरता आलं नाही, हे मला नंतर सरांकडून कळलं. त्यांनी ते तक्रार म्हणून सांगितलं नाही, बोलण्याच्या ओघात आलं. मला संशोधनातलं फार कळत नाही, पण प्रबंध लिहिणाऱ्या मुलीसाठी एकेका सत्राची किंमत काय असते तेवढं कळतं. आमच्याकडे आधी आलेल्यांना फक्त त्या नोंदीच हव्या होत्या. तिने त्या सोडून दिल्या. आणि सरांनी तिला त्यावरून बोल लावला नाही, म्हणून हे आभार त्यांचेही आहेत.

तुमच्या क्षेत्राबद्दल मी त्यानंतर मिळेल ते वाचलं. अमेरिकेतल्या सिअ‍ॅटलमध्ये, युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनला टॉम फर्नेस यांनी 1989 साली ह्युमन इंटरफेस टेक्नॉलॉजी लॅबोरेटरी सुरू केली. त्याआधी दोन दशकांहून अधिक काळ ते अमेरिकी हवाई दलासाठी वैमानिकांच्या शिरस्त्राणात चित्र दाखवण्यावर काम करत होते. म्हणजे विद्या आली लढाऊ विमानांतून. पण त्याच प्रयोगशाळेत हंटर हॉफमन यांनी डेव्हिड पॅटरसन यांच्यासोबत भाजलेल्या रुग्णांसाठी बर्फाचं एक आभासी जग तयार केलं. जखमा धुताना जी वेदना होते ती औषध देऊनही पुरती आवरत नाही. त्या वेळी रुग्ण डोळ्यांवर तो पडदा चढवून बर्फाच्या दरीतून जातो, बर्फाचे गोळे फेकतो, आणि लक्ष तिकडे गुंतल्यामुळे दुखणं कमी जाणवतं असं त्यांच्या अभ्यासांत दिसून आलं. हे वाचताना मला वाटलं, भाजलेल्या माणसाला बर्फ द्यावा हे सुचायला आधी त्याच्या खाटेशेजारी उभं राहून बघावं लागलं असेल. यंत्र कुणालाही विकत आणता येतं. समोरच्याला नेमकं कुठे दुखतंय ते बघायला थांबणारी माणसं मात्र शोधावी लागतात, आणि आम्हाला ती शोधायला फार उशीर लागला.

अशी माणसं बातम्यांत येत नाहीत. कोणत्या कंपनीने कोणतं उपकरण काढलं ते येतं. मॉनिटर वळवणाऱ्या मुलीचं नाव मीही इथे लिहीत नाही, कारण तिने तसं सांगितलं आहे. पण पालकांनो, तुमची मुलगी अशा कुठल्या प्रयोगशाळेत रात्री उशिरापर्यंत बसत असेल आणि 'नेमकं करते काय' हे तुम्हाला उमगत नसेल, तर हे पत्र तिच्याबद्दल आहे असं समजा. आणि विद्यापीठाच्या कारभाऱ्यांना विनंती, की या लोकांकडे फक्त शोधनिबंध किती झाले ते मोजू नका. आमच्या घरी जे घडलं ते कुठल्याच रकान्यात बसणारं नाही.

आता आईचं. हे पत्र लिहिते आहे म्हटल्यावर तिने तुमच्यासाठी तीन दुरुस्त्या दिल्या आहेत. तिच्याच शब्दांत उतरवते.

"पूर्णविराम खाली कोपऱ्यात आहे. कडेला नजर नीट पकडली जात नाही. आत घ्या."

"आवाज स्वल्पविरामावर थांबत नाही. थांबायला शिकवा."

"मदतीच्या पानावर 'सुचना' छापलं आहे. सू दीर्घ."

आणि तिने विचारलं आहे, की तुमच्या वापरपुस्तिकेचा मराठी मसुदा तयार होतो आहे, तो तपासायला कोणाला दिला आहे का. दिला नसेल तर तिच्याकडे पाठवा. अक्षर मोठं ठेवा आणि एका वेळी एकच पान पाठवा. संध्याकाळी तिचे डोळे थकतात, त्यामुळे सकाळी पाठवलंत तर बरं.

तुमची ऋणी,
मुद्रितशोधकाची मुलगी