एस्प्रेसो मशीन घेण्याआधी

पुणे

प्रिय मकरंद,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. तीन मशीनची नावे लिहून ‘यांतले कोणते घेऊ?’ असे तू विचारले आहेस आणि खर्चाची मर्यादा ४० हजार रुपयांची सांगितली आहेस. पण साऱ्या पत्रात ग्राइंडरचा, म्हणजे कॉफीच्या बिया दळण्याच्या यंत्राचा, उल्लेख कोठेही नाही. म्हणून माझे मत आधीच सांगून टाकतो. या ४० हजारांतून प्रथम ग्राइंडरचे पैसे बाजूला काढ आणि उरलेल्या रकमेत जे बसेल ते मशीन घे. दुकानदार तुला नेमका याच्या उलट सल्ला देईल, कारण दिमाखात मांडता येते ते मशीन.

असे का म्हणतो ते सविस्तर लिहितो. ९० ते ९६ अंश सेल्सिअस तापमानाचे पाणी साधारण ९ बार दाबाखाली बारीक दळलेल्या कॉफीतून २५ ते ३० सेकंदांत ढकलून जो दाट अर्क निघतो, तो एस्प्रेसो. हा दाब पंप निर्माण करतो अशी आपली समजूत असते. पंप पाणी ढकलतो हे खरे, पण त्या पाण्याला अडवणारे समोर काही नसेल तर दाब तयारच होत नाही. आणि अडवण्याचे ते काम बास्केटमध्ये, म्हणजे कॉफी भरायच्या छिद्रांच्या वाटीत, दाबून बसवलेला कॉफीचा थर करतो. दळण जाड असेल तर पाणी दहा-बारा सेकंदांत भसाभस खाली येते आणि कॉफी आंबट व पाणचट लागते. फाजील बारीक असेल तर ती थेंबाथेंबाने गळत राहते आणि तोंड कडू करते. म्हणजे दाब, वेळ आणि चव या तिन्ही गोष्टी मुळात दळणावर ठरतात. जाहिरातीतले १५ किंवा २० बार हे आकडे पंपाच्या कमाल क्षमतेचे असतात, कपातल्या कॉफीचे नव्हेत, आणि तुझ्या यादीतले तिसरे मशीन केवळ त्या २० च्या आकड्यावर विकले जात आहे, म्हणून ते आजच यादीतून खोडून टाक.

तुझ्या मोका पॉटविषयी, म्हणजे गॅसवर ठेवून कॉफी करायच्या त्या भांड्याविषयी, तू अभिमानाने लिहिले आहेस; तो टाकून देऊ नकोस, पण त्याची गणना वेगळी आहे. १९०१ साली मिलानच्या लुइजी बेझेराने ज्या यंत्राचे पेटंट घेतले, त्यात वाफेच्या जोरावर जेमतेम दीड-दोन बार दाब मिळत असे, आणि मोका पॉटही त्याच पंक्तीत बसतो. एस्प्रेसोवर दिसणारा तपकिरी फेसाचा थर, म्हणजे क्रेमा, दुसऱ्या महायुद्धानंतर आकिले गॅजियाची, दांडा ओढून याहून कितीतरी जास्त दाब देणारी यंत्रे आली तेव्हापासून लोकांच्या परिचयाचा झाला.

आता ग्राइंडर. मिक्सरच्या पात्यांनी बी तुटते, दळली जात नाही. त्यात अर्धी भुकटी आणि अर्धी भरड असा प्रकार होतो आणि त्यातून एस्प्रेसो काढणे व्यर्थ आहे. लागतो तो बर ग्राइंडर. त्याचे काम जात्यासारखे: दोन दातेरी पोलादी भागांमधल्या फटीतून बी जाते आणि ती फट जेवढी, तेवढे दळण. मात्र एस्प्रेसोसाठी ही फट केसभर इकडेतिकडे करता आली पाहिजे, आणि स्वस्त ग्राइंडर बहुधा येथेच मार खातात. एका टप्प्यावर शॉट, म्हणजे एका वेळी काढलेला अर्क, १५ सेकंदांत वाहून जातो, पुढच्याच टप्प्यावर मशीन कोंडते, आणि मधला टप्पाच नसतो. म्हणून विकत घेताना प्रत्येक टप्प्याला फट किती बदलते एवढे अवश्य विचार. किंगग्राइंडर के-६ या हाताने फिरवण्याच्या ग्राइंडरमध्ये ती १६ मायक्रॉनने (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बदलते आणि वनझेडप्रेसोच्या जे-अल्ट्रामध्ये ८ मायक्रॉनने. यांपैकी के-६ दहा हजारांच्या मागेपुढे मिळतो आणि माझ्या मते तुला तोच पुरेसा आहे. त्याच तोडीचा विजेवरचा ग्राइंडर घ्यायचा तर पंचवीस हजार तरी मोजावे लागतात आणि मग मशीनसाठी हाती काही उरत नाही.

हाताने दळणे जड जाईल का, ही तुझी शंका येणारच. मध्यम भाजलेल्या १८ ग्रॅम बिया मिनिटभरात दळून होतात. कमी भाजलेल्या बिया मात्र कठीण असतात आणि त्यांना मनगटाचा जोर लागतो. तुम्ही दोघे सकाळी एकेक कप घेता, म्हणजे दोनदा दळणे आले. पाहुणे आल्यावर सहा कप करायचे झाले तर त्या दिवशी खुशाल चहा टाकावा.

ताई अमेरिकेहून येताना मशीन आणणार आहेत असे तू लिहिलेस, त्यांना कृपा करून थांबव. तिकडचे मशीन १२० व्होल्टचे, आपली वीज २३० व्होल्टची, आणि दीड हजार वॉटचा भार पेलणारा ट्रान्सफॉर्मर घेऊन ओट्यावर ठेवायचा म्हणजे नाकापेक्षा मोती जड. शिवाय दुरुस्तीची वेळ आली की वॉरंटीचा येथे उपयोग नाही. त्यांना काही आणायचेच असेल तर हाताचा ग्राइंडर आणू देत. त्याला विजेची गरजच नाही आणि तो बॅगेत सहज मावतो.

तुझ्या यादीतली उरलेली दोन मशीन विचार करण्याजोगी आहेत. गॅजिया क्लासिक १९९१ पासून बाजारात आहे आणि इतकी वर्षे टिकून राहण्याचे कारण तिची साधी, खोलून दुरुस्त करता येण्याजोगी बांधणी हे आहे. तिचा पोर्टाफिल्टर, म्हणजे बास्केट बसवायचा मुठीचा भाग, कॅफेतल्या मशीनप्रमाणे ५८ मिलिमीटरचा असल्यामुळे बास्केट, टॅम्पर (कॉफी दाबायचा ठोकळा) असे सामान कोणत्याही कंपनीचे चालते. पण तिचा बॉयलर लहान व एकच आहे. कॉफी काढून झाल्यावर दूध फेसाळण्याच्या वाफेसाठी तो पुन्हा तापवावा लागतो, आणि सकाळी मशीन नीट तापायला पंधरा-वीस मिनिटे द्यावी लागतात. नवी गॅजिया आणि चांगला ग्राइंडर मिळून तुझ्या रकमेत बसणार नाहीत. कोणी शहर सोडून जाताना चांगली वापरलेली गॅजिया विकत असेल, तर मात्र गॅस्केट (पाणी गळू न देणारे रबरी कडे) आणि वाफेची नळी पाहून, समोर एक शॉट काढायला लावून, ती डोळे झाकून घे.

एरवी तुझ्यासाठी डेलॉन्घीची डेडिका योग्य ठरेल असे मला वाटते. ती थर्मोब्लॉकवर, म्हणजे पाणी साठवून न ठेवता वाहता-वाहता तापवणाऱ्या ठोकळ्यावर, चालते, सुमारे ४० सेकंदांत तापते, ओट्यावर वीतभर जागा घेते आणि सवलतीच्या दिवसांत वीस-पंचवीस हजारांत मिळते. तिच्याबरोबर येणाऱ्या बास्केटविषयी मात्र सावध राहा. त्या बास्केटला दुहेरी बूड असते आणि खालच्या बुडाला सुईच्या अग्राएवढे एकच छिद्र असते. दाब त्या छिद्रामुळे तयार होतो, कॉफीमुळे नव्हे. त्यामुळे बाजारच्या शिळ्या भुकटीवरही फेस येतो आणि नवख्या माणसाला वाटते की साधले. तुला खरोखर शिकायचे असेल तर ५१ मिलिमीटरचे साधे, एकेरी बुडाचे बास्केट वेगळे मागव, आणि त्याबरोबर खालून उघडा असलेला पोर्टाफिल्टर घेतलास तर उत्तम. त्यातून तुझी चूक तुला डोळ्यांनी दिसते: कॉफीचा थर एका बाजूला सैल बसला असेल तर पाणी तेथूनच वाट काढते, पिचकारी उडते आणि तुझ्या सदऱ्यावर डाग पडतो. हे टाळण्यासाठी बाटलीच्या बुचात चार-पाच बारीक सुया खोचून, दाबण्यापूर्वी त्यांनी भुकटी हलकेच ढवळावी म्हणजे गुठळ्या मोडतात.

विजेशिवाय चालणाऱ्या दांड्याच्या यंत्रांचेही, उदाहरणार्थ फ्लेअरचे, मी कौतुक करतो. तू एकटा काळी कॉफी पिणारा असतास तर तेच सुचवले असते. पण वहिनींना कॅपुचिनो हवी, आणि या यंत्रांत वाफ नाही. दुधाबद्दल एवढेच सांगतो की पिशवीचे फुल क्रीम दूध थंड घ्यावे, आधी क्षणभर हवा भरावी, नंतर नळी आत बुडवून दूध फिरू द्यावे आणि भांड्याला हात लावणे असह्य होऊ लागताच वाफ बंद करावी.

आता बियांकडे येतो, कारण एवढा खर्च करून शेवटी पाकीट चुकीचे आणले तर सारे मुसळ केरात. पाकिटावर भाजल्याची तारीख छापलेली नसेल तर ते पाकीट घेऊ नये. ताज्या भाजलेल्या बियांतून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत असतो आणि तो फार असला तर शॉट फसफसतो. म्हणून भाजल्यावर आठ-दहा दिवस थांबावे आणि पुढच्या महिनाभरात पाकीट संपवावे. २५० ग्रॅममध्ये १८ ग्रॅमचे तेराच शॉट होतात आणि त्यांतले सुरुवातीचे दोन-तीन दळण जुळवण्यात जातात, हे हिशेबात धर. चिकोरी मिसळलेली फिल्टर कॉफीची पूड या मशीनमध्ये घालू नकोस.

भाजणी कोणती, याबद्दल सध्या कॅफेमंडळींत हलक्या भाजणीची चलती आहे, पण नवशिक्याने तिच्या नादी लागू नये असे माझे स्पष्ट मत आहे. तिला दळण अधिक बारीक लागते, पाणी अधिक गरम लागते, आणि जरा चुकले की लिंबू पिळल्यासारखी चव येते. मध्यम ते गडद भाजणी क्षमाशील असते आणि दुधात तिची चव हरवत नाही. वाणांपैकी एस-७९५ हा बाळेहोन्नूरच्या संशोधन केंद्रात तयार झालेला अरेबिका (कॉफीच्या दोन मुख्य जातींपैकी एक; दुसरी रोबस्टा) कर्नाटकात सर्वत्र आढळतो आणि त्याची गोडसर, जड चव एस्प्रेसोला शोभते. दुसरा पर्याय मॉन्सून्ड मलबारचा. पश्चिम किनाऱ्यावर पावसाळी वाऱ्यात मुद्दाम ठेवल्यामुळे त्याच्या बिया फुगून फिकट होतात, आंबटपणा जवळजवळ जातो आणि क्रेमा भरघोस येतो. रोबस्टाला नाक मुरडू नकोस. भारतातले सुमारे सत्तर टक्के पीक त्याचेच आहे, त्यात कॅफीन अरेबिकाच्या जवळपास दुप्पट असते, आणि चांगल्या मळ्यातला वीस-तीस टक्के रोबस्टा मिश्रणात असेल तर दुधाच्या कॉफीला अंग येते. पाकिटावर ‘रत्नागिरी इस्टेट’ वाचून हापूस आठवेल, पण तो मळा चिकमगळूरकडच्या बाबाबुडनगिरीच्या डोंगरात आहे. आपल्या राज्यात कॉफी पाहायची तर तुम्हाला जवळच्या चिखलदऱ्यालाच जावे लागेल. बियांसाठी तुला फार लांब शोधण्याचे कारण नाही. कॉरिडॉर सेव्हन तुझ्या नागपुरातच भाजणी करतात, आणि नाहीतर ब्लू टोकाई घरपोच पाठवतात.

पाण्याचेही पाहा. बोअरच्या जड पाण्याने मशीनमध्ये क्षार साचतात आणि निव्वळ आरओच्या पाण्यात चव सपाट लागते; दोन्ही मिसळून वापरणे बरे.

मशीन आल्यावर पहिला आठवडा एकच गोष्ट कर. ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा घे, डेडिकाच्या बास्केटमध्ये १६ ग्रॅम कॉफी भर आणि कप काट्यावर ठेवून ३२ ग्रॅम अर्क किती सेकंदांत येतो ते पाहा. वीस सेकंदांच्या आत आला तर ग्राइंडर एक टप्पा बारीक कर, पस्तिसाच्या पुढे गेला तर एक टप्पा जाड. बियांचे वजन, दाबण्याचा जोर, पाणी यांतले काहीही त्या काळात बदलू नकोस, नाहीतर काय केल्याने काय झाले ते कळणार नाही. पावसाळ्यात हवा दमट झाली की तेच दळण वेगळे वागू लागते, तेव्हा पुन्हा एखादा टप्पा सरकवावा लागेल.

तूर्त बिया मागवू नकोस. मशीन कोणत्या तारखेला घरी पोहोचणार ते कळव, म्हणजे त्या तारखेच्या आठवडाभर आधी भाजलेल्या बियांचे पाकीट मी येथून धाडतो. टॅम्परही बास्केट हातात आल्यावर, त्याचा आतला व्यास मोजूनच घे.

वहिनींना सादर नमस्कार. कळावे, लोभ असावा.

तुझा,
सुहास