६१७४ : डावीकडचे शून्य गाळू नये

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीतील ६१७४ या संख्येवरचे टिपण वाचून माझी सातवीतली नात लगेच वही घेऊन बसली. कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, तिचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करावी, येणाऱ्या उत्तरावर पुन्हा हेच करत राहावे, म्हणजे जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ येते, असे त्यात म्हटले आहे. तिने २१११ घेतली. २१११ वजा १११२ म्हणजे ९९९. पुढे ९९९ वजा ९९९, बाकी शून्य. "आजोबा, पेपरात चुकीचं छापलंय," असे म्हणून तिने वही माझ्यापुढे सरकवली.

चूक कृतीत नाही, टिपणातून गळलेल्या अटींत आहे. चारही अंक सारखे असलेली संख्या चालत नाही, ही पहिली अट. ती कोणाच्याही लवकर लक्षात येते. दुसरी अट अशी की, उत्तर तीन अंकी आले तरी ते चार घरांतच लिहायचे, म्हणजे ९९९ नव्हे तर ०९९९. तसे लिहिले की ९९९० वजा ०९९९ म्हणजे ८९९१, मग ८०८२, मग ८५३२ आणि पाचव्या वजाबाकीला ६१७४. त्यापुढे ७६४१ वजा १४६७ पुन्हा ६१७४च.

टिपणात याला 'जादू' म्हटले आहे, ते मला पटले नाही. सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान अंकांतील फरकाला ९९९ ने आणि मधल्या दोन अंकांतील फरकाला ९० ने गुणून बेरीज केली, की वजाबाकीचे उत्तर मिळते. पहिला फरक १ ते ९ यांपैकी असतो आणि दुसरा त्याहून मोठा असूच शकत नाही. म्हणून अटीत बसणाऱ्या सर्व ८,९९१ संख्या पहिल्याच वजाबाकीत अवघ्या ५४ उत्तरांत गोळा होतात. ही ५४ उत्तरे कागदावर तपासली की सिद्धता पुरी होते. आम्हा दोघांना त्याला एक संध्याकाळ लागली.

आणखी एक गफलत दुरुस्त व्हावी. ही कृती शोधणारे गणिती द. रा. कापरेकर यांच्या नावाने ६१७४ हा 'कापरेकर स्थिरांक' आहे, 'कापरेकर संख्या' नव्हे. ४५ चा वर्ग २०२५ आणि २० अधिक २५ पुन्हा ४५, म्हणून ४५ ही कापरेकर संख्या. ६१७४ चा वर्ग ३८११८२७६ असून ३८११ आणि ८२७६ यांची बेरीज १२०८७ होते. मात्र द. रा. कापरेकरांनीच नाव दिलेल्या 'हर्षद' संख्यांत, म्हणजे स्वतःच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भागल्या जाणाऱ्या संख्यांत, ६१७४ बसते. तिच्या अंकांची बेरीज १८ आणि भागाकार ३४३, म्हणजे ७ चा घन. शिवाय १८, १८ चा वर्ग ३२४ आणि १८ चा घन ५८३२ यांची बेरीज केली तरी ६१७४च येते, आणि हे मला त्या वजाबाकीपेक्षाही अधिक देखणे वाटते.

कापरेकर प्राध्यापक नव्हते, देवळालीच्या शाळेत शिक्षक होते, हेही जाता जाता नोंदवतो. दुरुस्ती छापताना ०९९९ मधले शून्य मुद्रितशोधनात पुन्हा गळणार नाही, एवढे कृपया पाहावे.

– एक निवृत्त शिक्षक, नाशिक