हिशेब उघडा असावा, देणाऱ्याचे नाव झाकलेले

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

बेळगाव आणि खानापूर तालुक्यांतली भातकापणी उरकत आली की आमच्या ख्रिस्ती मंडळीत कापणीचा सण होतो. भाताच्या पेंढ्या, रताळी, ऊस, नारळ, भोपळे असे ज्याच्या घरी जे पिकले ते वेदीसमोर आणून ठेवले जाते, उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो, आणि शेवटी देणगीदारांची नावे रकमांसह वाचून दाखवली जातात. या शेवटच्या प्रथेविषयी मला लिहायचे आहे. हा विषय मंडळीच्या बैठकीतला आहे, तो वर्तमानपत्रात कशाला, असे कोणी म्हणेल. बैठकीत मी तो दोनदा मांडला आहे. शिवाय देणगीदारांच्या नावांचे फलक केवळ आमच्याच भिंतीवर आहेत असेही नाही.

ही प्रथा आमच्याकडे मीच सुरू केली, हे आधी सांगितले पाहिजे. सुमारे वीस वर्षांपूर्वी मी खजिनदार असताना उपासनामंदिराच्या छताचे काम निघाले आणि पैसे पुरेनात, तेव्हा देणाऱ्यांची नावे रकमेच्या उतरत्या क्रमाने फळ्यावर लिहावीत असे मी सुचवले. वर्गणी वाढली, छत झाले, पंचांनी माझे कौतुक केले आणि मला ते आवडले. त्यानंतरच्या दुसऱ्या की तिसऱ्या सणाला माझ्या लक्षात आले, की शेतमजुरी करणारे एक वृद्ध जोडपे, जे दरवर्षी पायलीभर तांदूळ फडक्यात बांधून आणत असे, ते आलेच नाही. मी घरी गेलो तेव्हा म्हातारी म्हणाली, "आमच्या पायलीभर तांदळाचं नाव फळ्यावर कुठं लिवतासा, गुरुजी? असू दे की." तिच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणूनच ते मला अधिक लागले. जे तांदूळ इतकी वर्षे देवापुढे ठेवले जात होते, ते माझ्या फळ्यामुळे माणसांपुढे ठेवण्याजोगे उरले नव्हते.

मार्कच्या शुभवर्तमानातल्या बाराव्या अध्यायात येशू मंदिराच्या दानपात्रासमोर बसून लोक दान टाकताना पाहतो. श्रीमंत पुष्कळ टाकतात, एक विधवा दोन टोल्या, म्हणजे अगदी क्षुल्लक नाणी, टाकते, आणि तिने सर्वांहून अधिक टाकले असे तो शिष्यांना सांगतो. या उताऱ्यावर मी शब्बाथशाळेत कितीतरी वेळा शिकवले असेन, पण त्या विधवेचे नाव शास्त्रात कुठेच दिलेले नाही, हे त्या म्हातारीच्या घरून परत येताना माझ्या पहिल्यांदा ध्यानात आले. उलट पहिल्या मंडळीची हकीकत सांगणाऱ्या प्रेषितांच्या कृत्यांत शेत विकून पैसे आणणाऱ्या बर्णबाचे नाव येते आणि लगेच पुढच्या अध्यायात हनन्या व सप्पीरा येतात. त्यांनीही आपली मालमत्ता विकली, थोडे पैसे मागे ठेवले आणि उरलेले सगळेच आणल्यासारखे दाखवले. शेत त्यांचेच होते आणि पैसेही त्यांच्याच हातात होते, असे येशूचा शिष्य पेत्र त्यांना स्पष्ट सांगतो. म्हणजे कमी देण्याची मोकळीक त्यांना होती. कमी देऊन पुरते दिल्याचा मान मात्र त्यांना चारचौघांत हवा होता.

दानधर्म करताना पुढे कर्णा वाजवू नये, उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये, ही येशूच्या डोंगरावरील प्रवचनातली शिकवण आमच्या मुलांना तोंडपाठ असते. तीच मुले सणाच्या दिवशी ध्वनिक्षेपकावर आपल्या वडिलांचे नाव कितव्या क्रमांकावर आले ते मोजत बसतात. एका मुलाने ते नाव न आल्यामुळे घरी जाऊन जेवण टाकल्याचे मला ठाऊक आहे.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो रास्त आहे. नावे झाकली तर पैशांचा हिशेब कसा राहणार? "मी फक्त देवाला जबाबदार आहे" असे म्हणून मंडळीचे पैसे हाताळणारी माणसेही आपण पाहिली आहेत. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात, यरुशलेमेतल्या गरिबांसाठी गोळा झालेल्या निधीविषयी लिहिताना प्रेषित पौल म्हणतो, की जे प्रभूच्या दृष्टीने योग्य तेच माणसांच्याही दृष्टीने योग्य असावे अशी आपण काळजी घेतो, आणि म्हणूनच तो निधी नेण्याच्या कामी विश्वासू सोबती देतो. माणसांना संतुष्ट करत राहिलो तर मी ख्रिस्ताचा दास नव्हे, असे गलतीकरांना बजावणारा पौल तो हाच. तेव्हा जमा किती, खर्च किती, कोणत्या पावतीने, हे सर्व फळ्यावर अवश्य लागावे. पावतीपुस्तकात नावे असतीलच आणि तपासनीस ती पाहतीलही. ती मोठ्याने वाचण्याने हिशेबात काही भर पडत नाही.

माणसांच्या पसंतीची ओढ पैशापुरतीच असती तर एवढे लिहिले नसते. गलतीकरांच्या त्याच पत्रात अंत्युखियातली घटना आहे: पेत्र परराष्ट्रीयांच्या, म्हणजे यहुदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांच्या, पंगतीला बसत असे, पण यरुशलेमेच्या मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडून काही लोक आले तेव्हा आपल्याच माणसांच्या भीतीने तो बाजूला झाला, आणि त्याचे पाहून बर्णबासुद्धा वाहवला. आम्हा सीमाभागातल्या मराठी ख्रिस्ती माणसांना हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही. एका संयुक्त उपासनेत मला कन्नडमध्ये प्रार्थना करण्याची विनंती झाली होती. मला ती भाषा चांगली येते. तरी मागच्या बाकांवर बसलेले आपले लोक काय म्हणतील, या विचाराने मी घसा बसल्याचे निमित्त सांगितले. मराठीवर माझे निरतिशय प्रेम आहे, तिच्या हक्कासाठी मी रस्त्यावर उतरलो आहे आणि त्याबद्दल मला खंत नाही. परंतु त्या दिवशी माझ्या मौनाशी मराठीचा काही संबंध नव्हता. मला माझ्या बाकांची भीती वाटली, एवढेच खरे.

लंडन मिशनरी सोसायटीचे काम बेळगावात १८२० साली सुरू झाले. पुढे ज्यांनी बाप्तिस्मा घेतला त्यांना भाऊबंद, पंगत, पाणवठा यांवर पाणी सोडावे लागले. कर्नाटकातच गंगामूळ येथे १८५८ साली जन्मलेल्या पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा स्वदेशातले लोक दुखावले, आणि ज्यांच्यामध्ये त्यांनी तो घेतला त्या मठातल्या इंग्रज भगिनींचेही म्हणणे त्यांनी निमूटपणे मानले नाही. १८९३ साली पुण्यात त्यांनी विधवांसाठी चालवलेल्या शारदा सदनाच्या सल्लागारांनी अंग काढून घेतले, तरी त्यांचे काम थांबले नाही. जनलज्जा झुगारून ज्यांनी हा विश्वास आमच्यापर्यंत आणला, त्यांची पतवंडे आज मंडळीच्याच पंगतीत मानाच्या पानासाठी झटत आहेत, याचे मला मनापासून दुःख होते.

जनाची नाही तर मनाची तरी लाज बाळगावी, असे आपण म्हणतो. माझे मन मात्र त्या फळ्याच्या वेळी माझ्यावर अगदी खूश होते, म्हणून तेवढ्यावर विसंबून राहण्याची आता माझी तयारी नाही. जो एकांतातले पाहतो त्याच्यापुढे ती यादी ठेवून मी एकदा जरी प्रार्थना केली असती, तरी ती फळ्यावर गेली नसती.

यंदाच्या सणाला केवळ एकूण जमा रक्कम सांगावी, नावे व क्रम वाचू नयेत, अशी लेखी विनंती मी आमच्या पाळकांना व पंचांना केली आहे, आणि इतर मंडळ्यांनीही याचा विचार करावा म्हणून हे पत्र. वर्गणी काही काळ घटेल, हे मी खजिनदारकीच्या अनुभवावरून सांगतो. ती घट सोसण्याची तयारी आपण ठेवली पाहिजे. त्या जोडप्यातला म्हातारा आता हयात नाही. म्हातारी आहे. सणाआधी तिच्याकडे तांदूळ मागायला मी स्वतः जाणार आहे, आणि ते कुठेही लिहिले जाणार नाहीत, हे तिला दारातच सांगणार आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त शिक्षक, खानापूर तालुका, जि. बेळगाव